निघण्याआधीची शिदोरी

मोसंबीच्या झाडाखालची बारीक मुळं हलकेच उकरून बादलीतल्या पाण्यात खळबळली की निरोगी मुळाची माती दोन हिसक्यांत सुटते. सूत्रकृमी लागलेल्या मुळाची सुटत नाही. अंतरवाली सराटीच्या शिवारात मी पहिल्यांदा ही मुळं हातात घेतली तेव्हा बागेचे मालक म्हणाले, "सर, किती बी धुवा, ह्याची माती निघंना." लक्षण त्यांनी अचूक हेरलं होतं, कारण तेवढं माहीत नव्हतं. लिंबूवर्गीय झाडांवरच्या या सूत्रकृमीची मादी डोकं मुळात खुपसून बसते, मागचा फुगीर भाग बाहेर ठेवते आणि अंडी घालते ती एका चिकट द्रवात. मातीला धरून ठेवतो तो हा चिकटा. शास्त्रीय नाव टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स, आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळी अर्धी आत शिरलेली.

त्या मुळांबरोबर ओंजळभर माती घेऊन आलो. चाळणीत टिश्यू कागद पसरायचा, त्यावर माती ठेवायची आणि चाळणी उथळ ताटलीत अशी टेकवायची की पाणी मातीला खालून जेमतेम लागेल. रात्रभरात सूत्रकृमी कागदातून खाली पाण्यात उतरतात. सकाळी तळाचा थेंब काचपट्टीवर घेतला. काचेच्या धाग्यांना जीव फुटावा तसे ते वळवळत होते. अंग इतकं पारदर्शक की आतडं दिसतं, ओळीने लागलेली अंडी दिसतात. यातले बरेचसे मोसंबीचे शत्रू नव्हतेच. कुजलेल्या पाल्यात, शेणखतात जिवाणू खाऊन राहणारी ही निरुपद्रवी मंडळी. त्यांच्याच भाऊबंदांपैकी एक, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सीनोरॅब्डायटिस एलेगन्स, या पुस्तकाचा विषय आहे. नेमकं सांगायचं तर त्याची एकच पेशी, शुक्राणू. आणि ती घडवणारी जनुकं.

अंतरवाली सराटीचं नाव २०२३ पासून महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे. मी तिथं जात आलो तो मुळांसाठी आणि मातीसाठी. ही प्रस्तावना लिहिताना वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहे तो अंबड तालुक्यातल्या अशाच गावचा मुलगा किंवा मुलगी: बारावीला जीवशास्त्र घेतलेली, घरी कापूस, ऊस, थोडी मोसंबी असलेली, आणि 'कृमी' म्हटलं की औषधाची बाटली आठवणारी. त्या वाचकाला सुरुवातीलाच सांगतो की या पुस्तकात फवारणीचा सल्ला नाही. इथं एका पेशीच्या तयारीची गोष्ट आहे, आणि मला ती जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

शुक्राणू म्हटलं की शेपटी हलवत पोहणारा ठिपका आठवतो. सूत्रकृमीच्या शुक्राणूला शेपटी नसते. तो पोहत नाही, सरपटतो. शरीराचा एक भाग पुढे ढकलायचा, तो खाली टेकवायचा आणि बाकीचं अंग मागून ओढून घ्यायचं, अमीबाची चाल. पण अमीबा ज्या ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या जोरावर सरकतो ते इथं कामाला नाही. सूत्रकृमींनी या एका पेशीसाठी वेगळंच प्रथिन वापरात आणलं. त्याला 'मुख्य शुक्राणू प्रथिन' असं साधं नाव आहे आणि शुक्राणूतल्या एकूण प्रथिनांत त्याचा वाटा फार मोठा असतो. पुढच्या टोकाला त्याचे धागे जुळतात, मागच्या बाजूला सुटतात, आणि या जुळण्या-सुटण्यावर पेशी पुढे जाते. माणसाच्या पोटातल्या जंताचा शुक्राणू असाच चालतो, शेळ्यामेंढ्यांच्या पोटातल्या जंताचाही. २००१ साली आणखी एक गोष्ट कळली. हेच प्रथिन शुक्राणूतून बाहेर पडून अंडपेशीला निरोप देतं की आता पिकायला लाग. ज्या प्रथिनानं पाय चालतात, त्याच प्रथिनानं सांगावा जातो.

आनुवंशिकतेच्या इतिहासात कृमी फार जुना आहे. १८८३ साली बेल्जियममध्ये एदुआर्द व्हान बेनेडेन घोड्याच्या आतड्यातल्या जंताची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्या जंताची निवड भाग्याची ठरली, कारण त्याची गुणसूत्रं मोजकी आणि ठसठशीत असतात. शुक्राणूकडून दोन आली, अंडपेशीकडून दोन आली, आणि नव्या जिवात चार झाली. आई आणि बाप दोघंही अर्धा-अर्धा वाटा देतात ही आज शाळेत एका ओळीत उरकली जाणारी गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली ती घोड्याच्या जंतात. पुढे १९०० साली अल्जियर्समध्ये ग्रंथपालाची नोकरी करणाऱ्या एमिल मोपा यांनी मातीतल्या सूत्रकृमींच्या प्रजननाचा मोठा अभ्यास छापला. आपला एलेगन्स विज्ञानाला ओळखीचा झाला तो त्यांच्याकडून. हा प्राणी आपलेच शुक्राणू वापरून पिल्लं घालतो, ते शुक्राणू संपले की पिल्लं थांबतात, नर क्वचितच सापडतो, हे सगळं त्यांनी नोंदवून ठेवलं. आणि १९७४ साली सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमधून या कृमीच्या जनुकशास्त्राचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेला वाण इंग्लंडात ब्रिस्टलजवळ मशरूमच्या खतातून आलेला होता. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तोच चालतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हा कृमी वाढवला जातो, तिथं मुख्यतः मज्जापेशींच्या अभ्यासासाठी.

इथं एका शब्दाबद्दल थांबायला हवं. एलेगन्समध्ये दोन प्रकारचे जीव असतात. ज्याच्यात दोन एक्स गुणसूत्रं तो 'उभयलिंगी', ज्याच्यात एकच एक्स तो नर. वाय गुणसूत्र नाहीच. 'उभयलिंगी' हा आपल्या पाठ्यपुस्तकातला शब्द, गांडुळासाठी वापरून वापरून रुळलेला. पण दोन गांडुळं एकमेकांना शुक्राणू देतात, तसं या कृमीला जमत नाही. तो दुसऱ्या कुणाला शुक्राणू देऊच शकत नाही. खरं म्हणजे ती मादीच आहे, जी तारुण्यात येण्याआधी थोडा काळ शुक्राणू घडवते, ते स्वतःजवळ पिशवीत ठेवते आणि नंतर जन्मभर अंडीच घडवते. पुस्तकात रूढ शब्द ठेवला आहे. वाचताना मनात मात्र ही मादी असू द्यावी.

आता मूळ मुद्दा. गोदावरी ओलांडून शहागडच्या पुलावरून गेवराईकडे गेलं की दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघताना दिसतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, तवा, परात, तेल-मीठ, ताडपत्री, कोयते, पांघरुणं, कडेला बांधलेली शेळी. फडावर पोचल्यावर काय मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून लागणारं सगळं घरून निघतानाच बांधायचं आणि न लागणारं मागे ठेवायचं. शुक्राणूची घडण मला नेहमी या बांधाबांधीसारखी वाटत आली आहे.

शुक्राणू व्हायच्या मार्गावरची पेशी सुरुवातीला मोठी आणि कामात गढलेली असते. तिची जनुकं वाचली जातात, त्यांवरून प्रथिनं बनतात. मग अर्धसूत्री विभाजनाची वेळ जवळ येते आणि जनुकांचं वाचन बंद पडतं. गुणसूत्रं आवळून घट्ट होतात. दोन विभाजनं होतात, एकाच्या चार पेशी होतात, आणि नंतर जे घडतं ते पाहण्यासारखं आहे. या चार पेशी मधल्या एका गोळ्याला लगडलेल्या असतात आणि नको ते सगळं त्या गोळ्यात लोटून देतात. प्रथिनं बनवणारे रायबोसोम जातात. ॲक्टिन जातं. पेशीचा सांगाडा धरणाऱ्या नलिका जातात. मग चारही पेशी त्या गोळ्यावरून तुटून सुट्या होतात, आणि गोळा मागे पडतो. सुटलेल्या पेशीकडे आता नवीन काही बनवायचं साधनच नाही. पुढच्या प्रवासात जे जे लागणार ते आधीच बनून, बांधून आत ठेवलेलं असलं पाहिजे. मुख्य शुक्राणू प्रथिनाच्या जुड्या एका पडद्याच्या पिशवीला जोडून ठेवलेल्या असतात, म्हणजे ते प्रथिन नेमकं शुक्राणूकडेच जातं, गोळ्यात वाया जात नाही. ही शिदोरी आहे. शुक्राणूचं जनुकशास्त्र म्हणजे निघण्याआधीच्या तयारीचं जनुकशास्त्र, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, ते यामुळे.

सुटलेली पेशी गोल आणि स्वस्थ असते. तिला जागं करावं लागतं. उभयलिंगीच्या शरीरात त्यासाठी एक जनुकसाखळी आहे. नराच्या वीर्यात त्यासाठी एक पाचक प्रथिन असतं, ते मिलनाच्या वेळीच शुक्राणूंना भेटतं. इशारा मिळाला की काही मिनिटांत गोल पेशीला पाऊल फुटतं. आतल्या पडद्याच्या पिशव्या बाहेरच्या पडद्याला जाऊन मिळतात, आणि पेशी चालू लागते. नवीन जनुक वाचलं जात नाही, नवीन प्रथिन बनत नाही. सगळं बांधलेल्या गाठोड्यातूनच निघतं.

हे कुणाला आणि कसं कळलं, ती गोष्ट पुस्तकाच्या मधल्या प्रकरणांत सविस्तर आहे. तिची युक्ती मात्र इथंच सांगतो, कारण ती कळली की बाकी सगळं सोपं जातं. उभयलिंगी कृमींना रसायन देऊन त्यांच्या जनुकांत बिघाड घडवायचा, आणि पुढच्या पिढ्यांत असे जीव शोधायचे जे पिल्लांऐवजी फलन न झालेल्या तपकिरी अंडपेशी टाकत राहतात. यात दोष शुक्राणूचा की अंडपेशीचा? त्या जिवाजवळ एक निरोगी नर सोडायचा. पिल्लं झाली तर अंडपेशी शाबूत, दोष शुक्राणूत. शिवाय याच संकरातून तो बिघाड पुढच्या पिढीत जिवंतही ठेवता येतो. उंदरात किंवा माणसात नर वांझ निघाला की बहुधा तिथंच वंश खुंटतो. इथं वांझपणाचाच वंश सांभाळता येतो. सॅम्युएल वॉर्ड, स्टीव्हन लर्नॉल्ट यांच्यासारख्यांनी या मार्गानं कित्येक जनुकं गोळा केली आणि त्यांना 'फर' आणि 'स्पी' या गटांत क्रमांक दिले.

त्यातलं फर-१ मला सगळ्यांत जवळचं. त्याचे काही बिघाड तापमानावर चालतात: १६ अंशांना कृमी सुखाने पिल्लं घालतो, २५ अंशांना वांझ होतो. २५ अंशांत घडलेला शुक्राणू पाहिला तर पाऊल आखूड, आणि आतल्या पिशव्या बाहेरच्या पडद्याला मिळालेल्याच नाहीत. गाठोडं सुटलंच नाही. १९९७ साली या जनुकाचा क्रम वाचला गेला. पुढच्याच वर्षी माणसाच्या एका स्नायुरोगामागचं जनुक सापडलं. त्या रोगात खांदे, कंबर, पोटऱ्यांचे स्नायू तरुण वयात झिजत जातात. ते जनुक ओळखीचं निघालं: फर-१ चंच भावंड. त्याच्या प्रथिनाला नाव मिळालं डिस्फर्लिन, आणि त्या नावातल्या 'फर' मध्ये हा कृमी आजही बसलेला आहे. दोन्हीकडे काम पडद्याला पडदा जोडण्याचं. शुक्राणूत पिशवी बाहेरच्या पडद्याला मिळते. स्नायूत फाटलेला पडदा सांधला जातो. स्पी-४ ची कथाही अशीच. ते बिघडलं की शिदोरी नीट बांधली जात नाही. १९९५ मध्ये घराण्यात चालत येणाऱ्या अल्झायमर रोगाचं एक जनुक सापडलं, तेव्हा त्याच्याशी जुळणारं म्हणून कृमीच्या शुक्राणूतलं हे स्पी-४ पुढे आलं. घरात असा आजारी माणूस असलेल्या वाचकाला यात औषध मिळणार नाही, हे मला कळतं. पण 'किड्याच्या वीर्यावर कशाला पैसे घालवता' असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं तर मी ही दोन नावं पुढे ठेवतो.

स्पी-९ चा बिघाड वेगळ्या कारणाने चटका लावतो. शुक्राणू नीट घडतो, नीट चालतो, अंडपेशीपाशी पोचतो, तिला टेकतो, आणि आत जाऊ शकत नाही. दार उघडायची खूणच त्याच्या अंगावर नसते. आणि स्पी-११ मध्ये फलन होतं, पण गर्भ वाढत नाही. बापाने आणायचं एक प्रथिन आलेलं नसतं, आणि आईच्या निरोगी जनुकाने ती उणीव भरून येत नाही. शुक्राणू फक्त गुणसूत्रांचा टपाल्या आहे, ही समजूत स्पी-११ ने मोडली.

उभयलिंगीजवळ एकूण शुक्राणू असतात सुमारे तीनशे. जवळजवळ प्रत्येक वापरला जातो. प्रत्येक अंडपेशी शुक्राणू साठवलेल्या पिशवीतून जाताना काही शुक्राणूंना लोटून बाहेर गर्भाशयात नेते, आणि ते सरपटत पुन्हा पिशवीत येतात. असं शेकडो वेळा. मग तीनशेच का? जास्त का नाहीत? १९९१ साली हॉजकिन आणि बार्न्स यांनी असा एक बिघडलेला वाण घेतला जो शुक्राणू जास्त काळ घडवत राहतो. त्याला सव्वातीनशेच्या जागी पाचशेच्या आसपास पिल्लं झाली. तरीही साध्या वाणाशी शर्यत लावल्यावर तो हरला. शुक्राणू आणि अंडी एका वेळी घडवता येत नाहीत, म्हणून शुक्राणू वाढवले की पहिलं अंडं काही तासांनी लांबतं, आणि तेवढ्यात साध्या वाणाची पिढी पुढे निघून जाते. जालन्याच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं बीडीएन-७११ हे तुरीचं वाण लोकांनी उचललं ते लवकर येतं म्हणून. पाऊस माघारी फिरायच्या आत जे पदरात पडतं तेच आपलं.

शुक्राणूंकडून अंड्यांकडे वळायचा हा निर्णय घेणारी जनुकं वेगळीच आहेत. फॉग-२ गेलं तर उभयलिंगी निव्वळ मादी होते, एकही शुक्राणू नाही. फेम-३ ला आवर राहिला नाही तर शुक्राणू बनायचे थांबतच नाहीत आणि अंड्यांची पाळी येत नाही. आणि गंमत अशी की एलेगन्सचा जवळचा नातलग ब्रिग्झी, ज्याचा सर्वांत अभ्यासलेला वाण आपल्याकडच्या अहमदाबादच्या मातीतून आलेला आहे, तोही उभयलिंगी. पण त्याच्याकडे फॉग-२ नाहीच. तो त्याच मुक्कामाला दुसऱ्या जनुकाची वाट धरून पोचला. २००३ साली त्याचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, आणि दोन कृमी शेजारी ठेवून पाहणं शक्य झालं.

आता पुन्हा बागेत. डाळिंबाच्या, वांग्याच्या, टोमॅटोच्या मुळांवर गाठी धरवणारी मेलॉयडोगायनी ही सूत्रकृमी शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. तिच्या आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या जातीत मादीला नर लागत नाही. अंडपेशी फलनाशिवाय, अर्धी न होताच वाढते. तरी नर जन्मतात, आणि केव्हा? मुळावर गर्दी झाली, अन्न कमी पडलं की. मादी व्हायला निघालेलं पिल्लू अशा वेळी वाट बदलून नर होतं, मूळ सोडून मातीत निघून जातं. त्याच्यात शुक्राणू घडतात, पण पुढच्या पिढीच्या जनुकांत त्यांचा वाटा पडत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो: शुक्राणू बिघडवून या किडीला आवर घालता येईल अशी आशा कुणी शेतकऱ्याला दाखवू नये. जिथं नर-मादी दोन्ही लागतात तिथली गोष्ट निराळी. शेळ्यामेंढ्यांचं रक्त पिणारे पोटातले जंत, हत्तीरोगाचे जंत, यांना शुक्राणूवाचून पुढची पिढी नाही. आणि मुख्य शुक्राणू प्रथिनावर चालणारी पेशी जनावराच्या किंवा माणसाच्या अंगात दुसरी नाही. तिथं शोधायला जागा आहे. औषध हाती आलेलं नाही.

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना नारू आठवतो. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरून पाणी भरायचं, आणि वर्षभराने पायातून पांढरा दोरा बाहेर यायचा; तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तो दोरा म्हणजे नारूच्या कृमीची मादी, जवळजवळ मीटरभर लांब. नर कुणी पाहिला नाही. तो बोटाएवढाही नसतो, आणि मिलनानंतर अंगातच मरून जातो. त्याचे शुक्राणू मादीत मागे राहतात आणि त्यावर लाखो पिल्लं होतात. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पाणी गाळून, विहिरींच्या पायऱ्या बंद करून, लोकांना समजावून हे झालं. त्यात जनुकशास्त्राचा वाटा नव्हता, हेही प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे.

पुस्तक कसं वाचावं? पेशीविभाजनाचं प्रकरण आधी वाचा, चित्रं स्वतःच्या हाताने वहीत काढा. जनुकांची नावं पाठ करू नका. प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न विचारा की हे बिघडलं तर प्रवास कुठं अडतो: बांधताना, जागं होताना, चालताना, दारात, की दाराच्या आत. आणि जमलं तर चाळणी, टिश्यू कागद आणि मूठभर माती घेऊन एक रात्र तो प्रयोग करा. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.

शेवटच्या प्रकरणात शुक्राणू अंडपेशीत शिरतो. इथवर टाकत टाकत आलेला हा जीव आत गेल्यावरही टाकायचं थांबत नाही. वाटभर ताकद पुरवणाऱ्या त्याच्या तंतुकणिका अंडपेशी शोधून काढते आणि पचवून टाकते; पिल्लाला तंतुकणिका मिळतात त्या फक्त आईच्या. बापाचं उरतं ते अर्धी गुणसूत्रं आणि तारकेंद्रांची एक जोडी. अंडपेशीकडे स्वतःचं तारकेंद्र नसतं, म्हणून पहिल्या विभाजनाचे दोर याच जोडीपासून ताणले जातात. आणि शुक्राणू ज्या बाजूने आत आला, ती बाजू पिल्लाची शेपटी होते.

अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना